मुद्देमाल

गुरुवारी सहाला स्रेच्को येतो.
सायकल जिन्याखाली टेकवतो, कुलूप घालत नाही,
आणि बाटली काढतो ती कोटाच्या आतून,
अजूनही आतूनच,
जणू दारात मी गणवेशात उभी आहे.
'पिशवीतून आणलीस तर काय बिघडेल?'
'चव,' म्हणतो.

एकवीस वर्षं मी गोरिझियाच्या फाटकावर होते.
माणशी दोन लिटर. वर थेंब नाही.
त्याचा मळा टेकडीच्या त्या अंगाला,
घर या अंगाला;
नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी
पिंपापासून पेला तोडला होता.
मला त्याचं काय? माझ्याकडे वही होती.

'मुद्देमाल : पांढरी वाईन, अंदाजे तीन लिटर,
रबरी शेकपिशवीत, पोटाला बांधलेली, कोमट.
नष्ट केली.'
खाली सही, नेरीना ब्रेसान.

नष्ट केली म्हणजे मागच्या मोरीत ओतली.
चाखायची नाही हा नियम, आणि मी नियमाची.
पण नाकाला कोण वही दाखवणार?
मोरीवर वाकले की वर यायचं काहीतरी,
जर्दाळूची साल, ओली पाटी,
आणि आणखी एक, ज्याला मला नाव सापडेना.
नळ सोडायचे मी. जरा उशिराच सोडायचे.

आता फाटकाच्या जागी फुलझाडांची कुंडी आहे.
माझ्या टेबलावर तीन पेले.
एक त्याचा, एक माझा,
तिसरा थुंकायला, रीत म्हणून.
आजवर त्यात कुणी थुंकलेलं नाही.

'फिरव. घाई करू नकोस. सही नाही करायची,'
स्रेच्को सांगतो.
रेबुला आधी. कापलेल्या गवताला
आठवडाभरानं येतो तो रंग.
घोट जिभेखाली जाऊन बसतो, उठायचं नाव घेत नाही.
मग तेरान, काळी म्हणावी इतकी लाल,
लोखंडी किल्ली तोंडात धरल्यासारखी.
'फाटकाची,' मी म्हणते,
आणि तो ठसका लागेपर्यंत हसतो.

छान आहेत. सगळ्याच छान आहेत.
पण ती नाही.
चाळीस गुरुवार झाले, मी मान हलवते आहे.
त्याच उताराची आणली त्यानं, त्याच वेलींची,
चुलतीच्या तळघरातली, बुरशी धरलेल्या बुचाची.
'जवळपास आहे,' मी म्हणते. 'काहीतरी कमी पडतंय.'

काल आला तो हात हलवत.
कोट काढला, स्वेटर वर केला,
सत्त्याहत्तर वर्षांच्या पोटावर
सुतळीनं बांधलेली रबरी शेकपिशवी.
'पुलावरून आलो,' म्हणाला, 'कुणी अडवलंच नाही.'
थोडा हिरमुसला होता.

ओतली. गढूळ. अंगाइतकी गरम.
मी वाकले, आणि तीच.
जर्दाळू, पाटी, आणि ते तिसरं,
रबर.
रबर आणि माणसाचा घाम.
एवढंच होतं ते.
पहिला घोट घेतला, आयुष्यातला पहिला,
आणि डोळे मिटून गिळला, औषधासारखा.

'वाईट आहे रे.'
'फारच. तेव्हाही होती.
आमच्या घरात एकटा बाप प्यायचा.'
'त्याला आवडायची?'
'त्याला शेवटी शेवटी चव कळत नव्हती.
गरम लागली की म्हणायचा,
म्हणजे मळा आहे अजून.'

मी बोलले नाही काही.
त्या वहीत किती पानं होती ते आठवत बसले.
खिडकीखाली कुणीतरी त्याची सायकल
सरकवून आपली लावत होतं.
बाटलीतली रेबुला गार होती, चांगली होती,
तिला दोघांनीही हात लावला नव्हता.

स्रेच्कोनं पिशवी उचलून हलवली.
पाव लिटर असेल, जेमतेम.
'ओतून टाकू मोरीत?'
'राहू दे,' मी पेला पुढे केला,
'दोन लिटरच्या आत आहे.'