तक्रार: गुडघा

लाफाएले, वय बारा, वजन एकोणऐंशी.
उजवा गुडघा. पाच आठवडे.

रग्बीत पडला असेल, तुआलोआ सांगते.
तेल चोळलं, पानं बांधली,
मग मागच्या डॉक्टरनं गुडघ्याचे दोन एक्स-रे काढले,
दोन्ही स्वच्छ. म्हणाला,
वाढतं वय आहे, दुखायचंच.

मागचा डॉक्टर मीच.

आज तो दारातून आला तेव्हा मी कागद भरत होतो.
चपलेच्या आवाजानं मान वर केली.
एक पाऊल माझ्याकडे,
दुसरं बाहेर वळलेलं, समुद्राकडे,
जणू त्याला इथं यायचंच नव्हतं.

गुडघा दाबला, तर पोरगा हसला.
मांडी पोटाकडे उचलली, तर ती सरळ येईना,
नांगर सुटलेल्या होडीसारखी कलंडत गेली.
जरा आत वळवली,
आणि त्यानं पलंगाची कड धरली.

चोर खुब्यात बसलेला,
मी मात्र संन्याशाला दोनदा उभं केलं होतं
फोटोसाठी.

कमरेच्या एक्स-रेत
मांडीच्या हाडाची टोपी मानेवरून घसरलेली,
बोटभरसुद्धा नाही.

आता पाऊल टाकायचं नाही. एकही.
संडासला?
नाही.
संध्याकाळची बोट, स्ट्रेचर, अपिया, एक स्क्रू.

मग गुडघा का दुखत होता? तुआलोआ विचारते.
मी नसेचा रस्ता काढून दाखवू लागतो, वरून खाली,
तर ती मध्येच:
माझा थोरला ऑकलंडला असतो.
काही बिनसलं की फोन करतो
आणि आमच्या कुत्र्याची चौकशी करतो.