माल कुठला

यावल नाक्यापाशी माझं भंगाराचं दुकान.
आजवर हाताखालून गेलं ते सगळं ओळखीचं:
ब्रेकचे गुटके, फिशप्लेटी, झिजलेले फाळ,
केळीच्या ठिबकचे गुंते,
आणि एकदा एका देवळाची अख्खी घंटा,
जी मी घेतली नाही.

त्या दिवशी जुम्मा तडवी खताच्या गोणीत घेऊन आला
सोललेल्या नारळाएवढं काहीतरी.
"सांग भो, काय आहे हे?"
काट्यावर ठेवलं. चार किलो दोनशे.
उचलून पुन्हा ठेवलं.
काटा खराच होता, हाताचाच विश्वास बसेना.

स्पीकरमधलं लोहचुंबक मी दोरीला टांगून ठेवलंय.
ते असं धावलं की दोरीच ताठ.
पण चुंबकाचं काय, तो खिळ्यावरही भाळतो.

म्हणून नथ्थू मिस्तरीला हाक मारली.
चाळीस वर्षं ओतकामात गेली, आता मोतीबिंदू,
बोटांनी बघतो.
"भट्टीची मळी असती तर बुडबुडे असते," म्हणाला,
"ती फसफसते, भोकं ठेवून जाते.
हे खळगे आहेत.
कणकेच्या गोळ्यावर कुणी अंगठे दाबावेत तसे."
एका खळग्यात त्यानं स्वतःचा अंगठा ठेवला.
नेमका बसला.
मग बराच वेळ काढलाच नाही.

फरशीच्या खडबडीत पाठीवर घासलं.
लाल रेघ नाही, काळी नाही.
कोपऱ्याला कानस मारली,
काळ्या पापुद्र्याखाली पांढरं लखलखीत.
जुम्मा पुढे सरकला. "चांदी?"
"लोखंडच रे. निकेल निघालं तर कदाचित वरचं,
नाही तर इथलंच. जळगावला कॉलेजात विचारावं लागेल."
कानशीचा भुगा पुडीत बांधला.

पडताना पाहिलंस? नाही.
सातपुड्याच्या पायथ्याला, बकऱ्या बसतात तिथं होतं.
तीन वर्षं बायको त्यानंच मिरच्या ठेचते.
"तिला सांगून आणलंस?"
तो नुसता हसला.

भंगाराच्या भावानं एकशे सव्वीस रुपये होत होते.
पोलिसांसाठीची वही उघडली,
नाव लिहिलं, वजन लिहिलं,
'माल कुठला' या रकान्यापाशी पेन थांबलं.
वरच्या ओळीत होतं: रेल्वेचा लिलाव.
त्याच्या वर: शेतातला.

"राहू दे," जुम्मा म्हणाला, "ठेच्याची वेळ झाली,"
आणि गोणी खांद्यावर टाकून निघाला.

रकाना अजून कोराच आहे.
नथ्थू मिस्तरीनं मात्र दिवेलागणीला डोळा चोळला
आणि अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असा ओरडला.