पहिला आकडा

डग्लस पेट्रिच कागद टेबलावरून सरकवतो
तो पालथा, पत्ता झाकून द्यावा तसा.
मी उलटून बघते.
अठ्ठ्याण्णव हजार.
खिडकीबाहेर लोखंडाच्या खाणीचा लाल ढिगारा
आणि त्यावर मार्चमधला बर्फ, मळून गेलेला.

अकरा वर्षं रात्रपाळीत मी लोकांना विचारलं,
एक ते दहामध्ये सांगा, किती दुखतंय?
करवतीत बोटं गेलेला सुतार म्हणाला, तीन.
कोस्कीबाईंनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं,
तुला जे बरं वाटेल ते लिही गं.
इथली माणसं आकडा कमीच सांगतात.
समोरच्याला उगाच त्रास नको.

आज माझा आकडा कुणीतरी विचारतंय
आणि तोच कमीपणा माझ्याही जिभेवर
आयता येऊन बसलाय: चालेल. थँक यू. चालेल.

काल पार्किंगमध्ये
बर्नडीन झुपाननं गाडीची काच चार बोटं खाली केली.
"नऊ वर्षं झाली मला इथे. एक लाख एक."
रिपोर्ट वाचून दाखवावा तसं म्हणाली.
आणि काच वर.

माझे बाबा खाणीत होते.
संपाच्या वर्षी आम्ही बटाटे खाल्ले, मग बटाट्यांचं सूप,
मग नुसतं सूप.
ते म्हणायचे, भीड ही भिकेची बहीण.
आणि म्हणायचे, मागायला एकट्यानं जाऊ नये.
मी एकटीच आले आहे,
शिक्षणाचं कर्ज तेवढं सोबत.

"एक लाख पंधरा," मी म्हणते.
आवाज माझाच, पण घशाच्या जरा वरून आलेला.
पुढे काहीतरी जोडावंसं वाटतं,
म्हणजे, जमलं तर, मला कल्पना आहे की...
नाही जोडत.

शांतता.
श्वास मोजताना पेशंटला कळू द्यायचं नसतं,
कळलं की तो वेगळाच श्वास घेऊ लागतो.
मनगट धरायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं
आणि छातीकडे लक्ष ठेवायचं.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत
डग्लसचे श्वास मोजते.
अर्ध्या मिनिटात अकरा.
म्हणजे त्यालाही हे सोपं जात नाहीये.

मग तो बजेटबद्दल बोलतो.
निम्मे पेशंट सरकारी विम्यावरचे, एक्सरेचं मशीन
त्याच्या मुलीपेक्षा वयानं मोठं.
यातलं काही खोटं नाही. तेच तर अवघड.
खोटं असतं तर रागावता आलं असतं.

"आयली, एक लाख सात."
"आणि नोकरी सोडली तरी
इथल्या माझ्या चुकांचा विमा तुम्हीच भरायचा."
"हं."
"शुक्रवारी रात्री फोन माझ्याकडे नको."
हे तो लिहून घेत नाही.
मी थांबते. तो लिहून घेतो.

गाडीत बसल्यावर हात थरथरायला लागतात,
आत कसे थांबले होते कोण जाणे.
मोजा दातांनी ओढून काढते आणि
बर्नडीनला लिहिते:
एक लाख सात. पहिला आकडा अठ्ठ्याण्णव होता.

तीन टिंबं उमटतात. पुसली जातात.
परत उमटतात.
तिनं दार उघडलं म्हणून मी आत गेले
आणि पहिल्याच दिवशी तिच्या नऊ वर्षांवर
सहा हजारांनी चढून बसले.

एक ते दहा? मी विचारते.
बराच वेळ काही नाही.
समोरची काच धुरकट होऊन परत स्वच्छ होते.

दोन, ती लिहिते.

हे दोन मी ओळखते.
हीटर मोठा करून लिहिते:
तू आत जाशील त्या दिवशी सांग,
मी बाहेर बाकावर बसून राहीन.