एकेचाळीस अंश

ऑनसेटच्या किनाऱ्यावर पहाटे
कमरेइतक्या पाण्यात उतरून भरलेली बाटली
मी लॅबमध्ये उबवायला ठेवते,
एकेचाळीस अंशांवर, दिवसरात्र,
अंड्यांची राखण करावी तशी.

दुसऱ्या दिवशी दिवे मालवून
जांभळ्या उजेडाखाली ट्रे धरते.
जिथे आपला मैला, ती खळगी निळी पेटते.
काही न सांगता कुणाला दाखवलं
तर म्हणेल, किती सुंदर.

सतरा, अठरा.

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात.
माझा तर पगारच त्याचा.
मॅनहोलमागून मॅनहोल, झाकणं उचलत
काल टेकडीपर्यंत गेले.
एका मोटेलच्या मागे, हायड्रेंजियाच्या आड,
संडासाची नळी
थेट पावसाच्या गटारात सोडलेली,
कुणीतरी, कुठल्या तरी शुक्रवारी,
घरी जायच्या घाईत.
"तीस वर्षांत कुणाची तक्रार नाही,"
मालक म्हणाला.
वास त्याच्या बोलण्याआधीच आला होता.
मी हातमोजे न काढताच नोटीस लिहिली.

बावीस. फोन वाजतो.
डुल्सी गोम्स, वय एक्क्याऐंशी,
आजोबा केप वर्दहून शिडाच्या जहाजातून आलेले,
ही रोज सहाला पोहणारी.
"आज?" एवढंच विचारते.

तेवीस, चोवीस, कोपऱ्यातलं पंचविसावं.
"नाही. अजून दोन दिवस तरी."

ती बोलत नाही.
फोनमधून गाज ऐकू येते,
अगदी जवळून.
पावलं ओली आहेत का,
मी विचारत नाही.