ऊब नाही, नुसता उजेड

तीन आठवडे लागले होते खडे धरायला,
टोयोनाकात, तिसऱ्या मजल्यावर, फ्रीजमागच्या कोपऱ्यात,
जिथे कुणी दार आपटत नाही.
चिगुसानं झाकणावर कागद चिकटवला होता: हलवू नये.
आणि रोज स्वतःच वाकून बघायची.

सुईच्या टोकाएवढे, फिकट पिवळे.
आत रेणू दाटीवाटीनं, अंग चोरून,
प्रत्येकाची मान थोडी मुरडलेली
कारण शेजाऱ्याचा खांदा नेमका तिथंच.

आज तिनं एक खडा काचपट्टीवर घेतला.
वरून जांभळा दिवा.
आधी तो हिरवा चमकला,
मग एका कडेची धार गेली,
मग हिरव्यात पिवळं शिरत शिरत
काचेवर थेंब उरला. गोल.
जणू कोपरे त्याला कधी नव्हतेच.

ओनोदेरा सर दारातूनच म्हणाले,
दिव्यानं तापलं असेल.
लोणीसुद्धा पाघळतं.

म्हणून तिनं पट्टीखाली गार पाणी खेळवलं.
बोटं आखडली तिची.
दुसरा खडा. तोच दिवा.
बारा अंशांवर, काटा जागचा न हलता,
तोही गेला.

ऊब नाही. नुसता उजेड.
एकानं कूस बदलली असणार,
मान सरळ केली असणार त्या उजेडात,
धक्का शेजाऱ्याला, त्याचा त्याच्या शेजाऱ्याला,
मग रांग कसली राहते?
हे तिनं वहीत लिहिलं नाही.
वहीत लिहिलं: बारा अंश. कारण ठाऊक नाही.

सर आले, वाकले.
इतामीला उतरणारं रात्रीचं शेवटचं विमान छपरावरून गेलं,
काचा थरथरल्या,
तरी डोळा भिंगावरून काढेनात.
मग एवढंच:
पुन्हा.

एक खडा उरला होता.
संपले, म्हणाली चिगुसा.
आयुष्यात त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं.
आणि सुईनं थेंबाला हलकंच टोचलं.
टोचल्या जागेपासून पांढऱ्या रेघा सैरावैरा सुटल्या,
थेंब थिजला, वेडावाकडा, घाईघाईत,
पहिल्यासारखा मुळीच नाही.
हा चालेल, ती म्हणाली.
सर हसले की काय, कळलं नाही,
दिव्याकडे पाठ होती त्यांची.

मध्यरात्री तिनं डब्यातल्या भाताच्या गोळ्याची चांदी
सपाट करून कुपीभोवती गुंडाळली
आणि कागदावर दोन शब्द वाढवले:
उजेडही नको.