उजवा पाय

शुक्रवार. वादी कबीरच्या चढावर आमची गल्ली,
एसींच्या घरघरीखेरीज कुणीच जागं नाही.
पत्र्याच्या शेडखाली डॅटसन, सन बाहत्तर,
दोन दारं, पुढे लांबच लांब नाक,
मागची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली.

खलफानच्या वडिलांची ही. सीबला बोरीखाली
अकरा वर्षं उभी होती.
पैसे त्यानं थोडेच घेतले, वर एक सांगितलं:
आमरातच्या उतारावर जपून,
मागचे ब्रेक धरत नाहीत, बाबा नेहमी म्हणायचे.

म्हणून ड्रम काढून डिस्क.
पण ड्रम निघेना.
हातोडी झाली, तेल झालं, शिव्या झाल्या.
अण्णा उपड्या क्रेटवर चहा फुंकत बसलेले,
व्हिजिट व्हिसा, तीस दिवस, त्यातला अकरावा.
"ती दोन आट्यांची भोकं कशाला ठेवलीत त्यानं?
बोल्ट पिळ. थोडा इकडे, थोडा तिकडे.
कुलूप आहे ते. नारळ नाही."

ड्रम सुटला.
लायनिंगची काळी भुकटी ओल्या फडक्यानं टिपताना
जळका वास उठला, आणि अण्णा
क्रेटवरूनच म्हणाले, "कुंभार्ली."

चिपळूण-कराड, बत्तीस वर्षं.
रात्री उजवा पाय उशीवर ठेवून झोपायचे.
मला वाटायचं सगळ्यांचेच वडील असे झोपतात.

मन्नाननं लेथवर ब्रॅकेट वळून दिलं होतं,
अर्धा मिलीमीटर जास्त. कानस लावली.
डिस्क चढली, कॅलिपर बसला,
हँडब्रेकची केबल मात्र चार बोटं तोकडी.
ती खिळ्याला टांगून ठेवली.

मग ब्रेकमधली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात.
"बसा, अण्णा."
ते डाव्या दारापाशी थबकले.
"डावीकडे बसून कुठं गाडी चालते?"
बसले. चप्पल काढून बसले.
मी मागच्या उजव्या चाकाखाली,
निपलवर पाना, नळी बाटलीत.

दाबा.
धरा.
सोडा.
दाबा. धरा. धरून ठेवा, अण्णा.
"धरलंय रे."
बाटलीत बुडबुडे. पुन्हा.
इतकं सलग आम्ही किती वर्षांनी बोलत होतो
ते मी मोजलं नाही. बुडबुडे मोजत होतो.
मग नळीतून नुसतं तेल आलं, चहाच्या रंगाचं,
आणि मी काही म्हणायच्या आधीच
वरून आवाज आला, "आता कडक झाला."
त्यांच्या तळव्याला ते माझ्या डोळ्यांआधी कळलं.

संध्याकाळी आमरातचा उतार.
खाली मस्कत, त्यापलीकडे समुद्राची करडी पट्टी.
मी डावीकडे. ते उजवीकडे,
जिथं बत्तीस वर्षं बसले त्याच बाजूला,
समोर स्टिअरिंग नाही, खाली पेडल नाही.
"तिसऱ्यात घे. ब्रेकवर नाही उतरायचं, गिअरवर उतरायचं."
घेतला. वळण आलं. ब्रेक दाबला.
गाडी सरळ बसली, मागून कुणी
सदरा धरून थांबवावं तशी.
मी बघितलं: त्यांचा उजवा पाय
रबरी मॅटमध्ये रुतलेला, बोटं पांढरी पडलेली.
वळण संपलं तरी
त्यांनी तो लगेच उचलला नाही.

काहीच बोललो नाही.
खाली पेट्रोल पंपावर त्यांनी करक चहा मागवला
आणि फार गोड आहे म्हणून अर्धा मला दिला.

घरी गल्लीच्या चढावर गाडी लावली, पहिल्या गिअरमध्ये.
हँडब्रेक अजून नाहीच. केबल दुबईहून यायची आहे.
अण्णा कुंपणाजवळ गेले, तीन-चार दगड
उचलून पाहिले, टाकले,
एक सपाटसा आणून मागच्या चाकाला लावला,
टाचेनं दोनदा ठोकला.

केबल परवा आली. अण्णा जाऊन महिना झाला.
हँडब्रेक आता छान धरतो.
दगड मी काढलेला नाही.
बाहेर पडताना रोज वाकून उचलतो,
आल्यावर पुन्हा लावतो.
खलफान हसतो. हसू दे.