वीतभर शिल्लक

प्रदर्शन कोजागिरीच्या आदल्या दिवसापासून.
नाशिक, गंगापूर रोड, टेबल नंबर एकतीस.
आणि पदरात अजून अडीच मोर बाकी.

सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडले
की घोट्यांना गारवा लागतो, तेवढाच.
दहा वाजता पत्रा तापतो.
घामाचं बोट जरीला लागलं की जर काळवंडते
म्हणून मांडीवर धुतलेलं फडकं.
हिरवी तिल्ली, लाल, पुन्हा हिरवी.
एका मोराची मान वळवायला अख्खी दुपार जाते
आणि वळली तरी तो आपल्याकडे बघत नाही,
शेजारच्या मोराकडेच बघतो.

कुमुद, माझी जाऊ, काठ धरते.
बोलत नाही, मोजते.
ती बोलली की नारळी चुकते
आणि नारळी चुकली की मी बोलते.
बाहेर येवल्याच्या रस्त्याकडेने मका वाळत पडलाय,
ट्रॅक्टर गेला की घरातला ताणा शहारतो.

परवा वीज गेली.
रेवतीने मोबाईलच्या उजेडात हात पुढे रेटला.
सकाळी बघितलं तर एका मोराला डोळाच नाही.
रात्रभर बसून चार बोटं उसवली पोरीने.
विणण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो
हे मी तिला सांगितलं नव्हतं.
आता तिच्या नखांना माहीत आहे.

संस्थेकडून छापील चिठ्ठ्या आल्यात,
भोक पाडून, दोऱ्यासकट.
*कारागीर* पुढे एक रेघ.
*लागलेले दिवस* पुढे काडेपेटीएवढी चौकट.
रेवतीचं अक्षर चांगलं, पेन तिच्या हातात.
दिवस किती लिहू, विचारते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला धोटा टाकला.
त्यातून गणपतीचा दीड दिवस वजा.
हे डेंगीने पडले ते नऊ वजा,
पण त्या नऊ रात्री सलाईन संपायची वाट बघून
घरी येऊन मी बसतच होते मागावर,
मग ते वजा कसे?
त्याआधी रशीदाबी सांधायला आली होती,
राखेत बोट बुडवून
टोकाला टोक, टोकाला टोक, दोन हजारांच्या वर,
ते तीन दिवस कुठे धरायचे?
आणि मामंजींनी माझा पाय धरून
पहिल्यांदा पावडीवर ठेवला, तेवीस वर्षांमागे,
सासऱ्याने सुनेच्या पायाला हात लावला म्हणून
आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत,
तो दिवस?

आई, चौकट लहान आहे.

लिही मग, चाळीस.

रेघेवर तिने आधी माझं नाव लिहिलं,
मग तांदळाएवढ्या अक्षरात ह्यांचं, कुमुदचं,
स्वतःचं लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं.
रशीदाबी शेख मात्र मावेना.
ती चिठ्ठीच्या कडेवरून वळून
मागच्या बाजूला गेली.

तिथे बायका येतील.
आधी कोपरा उलटा करतील,
बाजारात बैलाचे दात बघावेत तसा.
बघू देत. मागून-पुढून एकच आहे.
माणसं अशी विणलेली असती
तर कुमुदचं-माझं निम्मं भांडण वाचलं असतं.
मग म्हणतील, थोडं कमी करा ना ताई.
तेव्हा कसं हसायचं
ते मी अजून ठरवलेलं नाही.

काल रात्री दीडला शेवटचा मोर संपला.
कात्री ह्यांनी लावली, हात अजून थरथरतो तरी.
वांगी रंग मलमलीत गुंडाळला,
चिठ्ठी बाहेर ठेवली, चुरगळू नये म्हणून.
सगळा ताणा कापत नाहीत.
मागावर वीतभर राहू देतात,
पुढची साडी त्यालाच सांधायची असते.

आता पावणेसहाची एसटी.
मी उंबऱ्यात, बॅग खांद्याला.
आत अंधारात सुटी टोकं लोंबताहेत
रशीदाबीच्या बोटांची वाट बघत
आणि माझा डावा पाय, चपलेतल्या चपलेत,
अजून पावडी दाबतोय.